मॉल उभे राहिले, पेवात काय पडलं?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचं शब्दांकन)



आज बोलायचं आहे सोमालियातल्या मॉलबद्दल. कापसाचा भाव आणि ज्वारीचा उतारा सोडून हे कुठलं काढलं, असं कुणाच्याही मनात येईल. पण जरा ऐकून घ्या. हा देश नकाशावर दूर असला तरी शेतीच्या हिशेबात आपला शेजारी आहे.

सोमालिया म्हणजे अरबी समुद्राच्या पलीकडचा काठ. पाऊस थोडा आणि लहरी. वर्षात दोन पावसाळे, एक एप्रिल ते जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. दोन्ही दगा देणारे. दक्षिणेत बैदोआ शहराभोवती 'बाय' नावाचा प्रांत आहे. तो त्या देशाचा ज्वारीचा पट्टा. लाल ज्वारी, सगळी कोरडवाहू. ती ज्वारी शेतकरी साठवतो कशात? जमिनीत खड्डा घेऊन, वर माती लोटून. ते त्याला 'बकार' म्हणतात. आपण पेव म्हणतो. जनावरांच्या बाजारातल्या मध्यस्थाला तिकडे 'दिलाल' म्हणतात आणि दुकानाला 'दुकान'च म्हणतात. उंटाचा सौदा कापडाखाली बोटं दाबून होतो. आपल्याकडच्या हत्ता पद्धतीत रुमालाखाली काय चालायचं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

अशा देशात गेल्या दहा-बारा वर्षांत मॉल उभे राहिले आहेत. राजधानीत मोगादिशू मॉल आहे, हर्गेसा शहरात दीरो मॉल आहे, आणखीही आहेत. हर्गेसा ही सोमालीलँडची राजधानी. सोमालीलँडनं १९९१ साली स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून आपला कारभार वेगळा ठेवला. दोन्हीकडे काचेच्या दर्शनी भिंती, आत थंड हवा, फळीवर दुबईचा, चीनचा, तुर्कस्तानचा माल. शहाणी माणसं दोन गटांत वाटली गेली आहेत. एक गट म्हणतो, मॉल आले म्हणजे देश सुधारला. दुसरा म्हणतो, मॉल आले म्हणजे देश बुडाला. आपण शेतकरी आहोत. आपण हिशेब मांडू.

आधी, हे मॉल आले कुठून ते पाहू. सोमालियात १९६९ साली लष्करानं सत्ता घेतली आणि सियाद बारे राज्यावर आले. त्यांनी समाजवादाची द्वाही फिरवली. १९७१ साली शेतीमालाच्या खरेदीचं सरकारी महामंडळ निघालं. ज्वारी आणि मका फक्त या महामंडळाला, त्यानं ठरवलेल्या भावानं विकायचा. घरी खायला ठरावीक धान्य ठेवायचं, त्याहून जास्त ठेवलं तर गुन्हा. भाव अर्थातच शहरातल्या खाणाऱ्यांच्या सोयीचा. मग शेतकऱ्यानं काय केलं? जे इथल्या शेतकऱ्यानं लेव्हीच्या दिवसांत केलं तेच. काही पेवात दडवलं, काही रातोरात चोरट्या बाजारात घातलं आणि काही पेरलंच नाही. त्याच सुमारास, १९७२ पासून, महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्याचं पुढं काय झालं हे तुमच्या पाठीवर लिहिलेलं आहे. सोमालियात १९८० नंतरच्या काही वर्षांत ही सक्ती सैल झाली आणि ज्वारी-मक्याचं पीक वाढलं. पण तोवर राज्यच आतून पोखरलं होतं. जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाले, सरकार कोसळलं. बँका गेल्या, कोर्टं गेली.

लाखो माणसं देश सोडून गेली. काही नैरोबीच्या ईस्टली भागात पोचली. तिथं 'गारिसा लॉज' नावाचं एक उतारूंचं घर होतं. त्याच्या खोल्यांत निर्वासित राहायचे आणि तिथूनच माल विकायचे. हळूहळू खोल्यांची दुकानं झाली आणि सबंध लॉजचा बाजार झाला. सोमाली लोकांच्या मॉलचा जन्म असा झाला. बँकेचं कर्ज नाही, सरकारचं अनुदान नाही. नातेवाइकांनी पैसे एकत्र केले, दुकानदारांकडून आगाऊ रक्कम घेतली आणि इमारत चढवली. एका मॉलमध्ये हातभर रुंदीचे शेकडो गाळे. म्हणजे आपल्या आठवडी बाजारावर छप्पर टाकून मजले चढवले, असं समजा. पुढं देशात थोडी शांतता आली तशी हीच रीत आणि यातलंच काही भांडवल मोगादिशू-हर्गेसाकडे वळलं.

गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कुठून आला? परदेशात गेलेल्या मुलांनी धाडला. वर्षाला शंभर कोटी डॉलरांहून जास्त रक्कम अशी घरी येते. बँका नसताना हवाला कंपन्यांनी ती पोचवली. २००९ साली हर्गेसात टेलिफोन कंपनीनं मोबाइलवरून पैसे देण्याची सोय काढली, २०११ साली मोगादिशूतही ती आली. जागतिक बँकेनं २०१८ साली मोजलं तेव्हा मोबाइलवरून महिन्याला सुमारे २७० कोटी डॉलरांची देवघेव होत होती. सोळा वर्षांवरच्या दर चार माणसांत जवळजवळ तिघे हे वापरत होते. ज्या देशाच्या स्वतःच्या नोटा जवळपास सगळ्या बनावट आहेत असं नाणेनिधीनं सांगितलं, त्या देशात उंटाच्या दुधाचा पेला मोबाइलवर विकत मिळतो.

याला कर्तबगारी म्हणायची नाही तर काय म्हणायचं? म्हणून मॉलची जमेची बाजू आधी मांडतो.

पहिली जमा, पळालेलं भांडवल घरी आलं. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी मोगादिशूच्या एका चौकात ट्रकमधल्या बॉम्बनं पाचशेहून अधिक माणसं मारली. अशा शहरात कुणी काचेची भिंत उभी करतो, तेव्हा तो उद्याच्या दिवसावर पैज लावत असतो. दुसरी जमा, रोजगार. गवंडी, सुतार, वीजवाले, विक्रेते, पहारेकरी. तिसरी जमा, सुरक्षित जागा. हर्गेसाचा वाहीन बाजार १ एप्रिल २०२२ च्या रात्री पेटला. सुमारे दोन हजार दुकानं आणि टपऱ्या राख झाल्या. बोळ इतके अरुंद आणि मालानं भरलेले की बंबाला आत शिरायला वाट मिळेना. त्यात जळालेली टपरी पुष्कळदा एखाद्या बाईचं सगळं घर चालवत होती. रुंद जिन्याच्या, पाण्याची सोय असलेल्या पक्क्या इमारतीत तिला गाळा मिळाला, तर कुणाला वाईट वाटेल?

तेव्हा जे म्हणतात मॉलवर बंदी घाला, त्यांच्या वाऱ्याला आपण उभं राहायचं कारण नाही. कुणी कुठं विकावं आणि कुणी कुठं घ्यावं हे सरकारनं ठरवलं म्हणजे काय होतं, ते बारे यांच्या महामंडळानं दाखवलं आहे. बंदीनं व्यापारी गरीब होत नाही, तो चोरवाट शोधतो. गरीब होतो तो पिकवणारा.

पण जमेच्या बाजूला इतकं मांडल्यावर वहीचं दुसरं पान उघडावं लागतं. एका डॉलरचा माग काढू.

समजा, अमेरिकेत टॅक्सी चालवणाऱ्या मुलानं मोगादिशूतल्या आईला शंभर डॉलर धाडले. आईच्या मोबाइलवर ते आले. ती मॉलमध्ये गेली. तांदूळ घेतला, साखर घेतली, डब्यातली दुधाची पावडर, शेवया-मॅकरोनी, नातवाला चपला. तांदूळ बाहेरचा, साखर बाहेरची, पावडर बाहेरची, चपला चीनच्या. देशात मागं काय राहिलं? विक्रेत्याचा पगार, गाळ्याचं भाडं, व्यापाऱ्याचा नफा, बंदरावरची जकात. बाकीचा डॉलर ज्या जहाजानं माल आला त्याच्याच मालकाकडे परत. पैसा बाहेरून आला, एक रात्र वस्तीला राहिला, सकाळी निघून गेला. बैदोआच्या शेतकऱ्याची आणि त्या डॉलरची भेटच झाली नाही.

हे एका घरापुरतं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीला सोमालिया वर्षाला सरासरी ८.२ कोटी डॉलरांचं अन्न आयात करत होता. २०१५ साली ती आयात १५० कोटी डॉलरांवर गेली. अठरा पट! लोकसंख्या वाढली, शहरं वाढली, युद्धानं शेती मोडली, ही कारणं खरी आहेत. पण एकेकाळी त्या देशात काय काय होतं तेही आठवा. जौहर गावात इटालियन अमदानीतला साखर कारखाना होता. १९८० च्या सुमारास जुबा नदीकाठी मरेरे इथं दुसरा झाला. बलादला कापडगिरणी होती. नदीकाठची केळी इटलीला जात. जनावरांच्या खालोखाल परदेशी चलन केळीच आणत. युद्धात कारखाने बंद पडले, भंगार झालं. त्यांच्या जागी मॉल आलेला नाही, हे लक्षात घ्या. मॉल आला आहे तो त्यांचा माल बाहेरून आणून विकायला.

यात आपलाही धागा आहे. अलीकडच्या वर्षांत भारतातली साखर घेणाऱ्या देशांत सोमालिया आहे. मोगादिशूच्या चहात पडणारी साखर कदाचित महाराष्ट्राच्या उसाची असेल. आपल्या ऊसवाल्याला त्यात आनंद वाटला तर चुकीचं नाही. पण दिल्लीनं जून २०२२ पासून साखर निर्यातीला आवर घातला, जुलै २०२३ मध्ये साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली केली. दिल्लीत एक कागद निघतो. त्यानं इथं शेतकऱ्याचा भाव पडतो आणि तिथं आईच्या शंभर डॉलरांत बसणारा तांदूळ कमी होतो. ज्याचं पोट दुसऱ्याच्या बंदरावर अवलंबून, त्याची झोपही दुसऱ्याच्या हातात. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हाही हेच दिसलं. सोमालियाचा गहू जवळजवळ सगळा रशिया आणि युक्रेनमधून येत होता.

आता सगळ्यात जड गोष्ट. २०११ साली सोमालियात दुष्काळ पडला. २०१० च्या अखेरीपासून २०१२ पर्यंत सुमारे २ लाख ६० हजार माणसं गेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालची पोरं. सप्टेंबर २०११ मध्ये ज्या प्रांतात दुष्काळ जाहीर झाला, त्यांत 'बाय' होता. ज्वारीचं कोठारच! पाऊस गेला हे खरं. मदत करणाऱ्या संस्थांना अल-शबाबच्या बंदूकवाल्यांनी हुसकावलं हेही खरं. पण त्या वेळी राजधानीच्या बंदरावर जहाजं लागत होती, बाजारात तांदूळ होता. पिकवणाऱ्याच्या हातात तो घेण्यापुरता पैसा नव्हता. ज्वारीचा भाव चढत होता आणि विकायला काढलेल्या बकरीचा उतरत होता. एका बकरीला जितकी ज्वारी यायची तिच्या कितीतरी कमी येऊ लागली. भूक दुकान रिकामं आहे म्हणूनच येते असं नाही. दुकान भरलेलं आणि खिसा रिकामा असला तरी येते. म्हणून भरलेली फळी दाखवून कुणी 'देश सुधारला' म्हणालं, तर त्याला बैदोआची वाट दाखवा. २०२० ते २०२३ मध्ये लागोपाठ पाच पावसाळे फसले आणि एकट्या २०२२ सालात दुष्काळानं सुमारे ४३ हजार जादा मृत्यू झाल्याचा अंदाज तज्ज्ञांनी मांडला. मॉल तेव्हाही उघडे होते.

मग पिकवणाऱ्यापर्यंत पैसा पोचूच शकत नाही काय? पोचतो. दोन उदाहरणं तिथलीच आहेत.

पहिलं जनावरांचं. २०१५ साली सोमालियातून सुमारे ५३ लाख शेळ्या-मेंढ्या, गुरं आणि उंट जहाजानं गेले, मुख्यतः सौदी अरबस्तानात, हजच्या मोसमाला धरून. हा धंदा कुण्या मॉलनं उभा केला नाही. रानातला पशुपालक, गावचा दिलाल, ट्रकवाला, बर्बेरा आणि बोसासो बंदरांवरचा निर्यातदार अशी ती साखळी आहे. रोगाच्या भीतीनं सौदीनं २००० ते २००९ आयात बंद ठेवली. तेव्हा साखळी किती नाजूक आहे तेही कळलं आणि जनावरं तपासायची, वेगळी ठेवायची व्यवस्था बर्बेराला उभी राहिल्यावर ती पुन्हा जोडता येते हेही कळलं. याच साखळीतून घराघरात पैसा जातो, तोही परदेशी.

दुसरं उदाहरण ऐकून हसू येईल. सोमाली पुरुषांना 'खात' नावाचा पाला चघळायचं व्यसन आहे. हा पाला केनियातल्या मेरूच्या डोंगरात पिकतो. तोडल्यावर दोन दिवसांत त्याची मजा जाते. म्हणून पहाटे तोडायचा, गाडीनं धावत नैरोबीला न्यायचा, विमानात घालायचा आणि त्याच दिवशी मोगादिशूत विकायचा. मार्च २०२० ते जुलै २०२२ सोमालियानं केनियाचा पाला बंद केला, तेव्हा मेरूच्या शेतकऱ्यांनी आकांत केला. म्हणजे सोमाली गिऱ्हाइकाच्या पैशावर शेतकरी जगू शकतो, हे सिद्ध झालं. फक्त तो शेतकरी शेजारच्या देशातला! पाल्याला रोज विमान मिळतं आणि ज्वारीच्या पोत्याला धड रस्ता मिळत नाही.

सगळा प्रश्न या रस्त्याचा आहे. बैदोआ ते मोगादिशू हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या वाटेवर नाके आहेत. एक सरकारी शिपायांचा, पुढचा एखाद्या टोळीचा, त्यापुढं अल-शबाबचा, आणि तो पावतीसुद्धा देतो. प्रत्येक नाक्यावर ट्रकवाला पैसे मोजतो. ते तो भरतो कुठून? शहरातला भाव तर बंदरावर उतरलेल्या तांदळानं बांधलेला. तेव्हा नाक्याचे पैसे ज्वारीच्या भावातून कापले जातात. भाव शहरात ठरतो आणि तूट शेतात पडते. याची चव आपल्याला आहे.

आता सरळ प्रश्न: नव्या मॉलनं सोमालियाच्या अर्थव्यवस्थेचा फायदा होतो का? शहराचा होतो, व्यापाऱ्याचा होतो, जकातीपुरता सरकारचाही होतो. देशाचा फायदा मात्र मॉलच्या काचेवरून मोजता येत नाही. मॉल हे पैसा खर्च करायचं ठिकाण आहे. पैसा मिळवायचं ठिकाण शेतात, रानात, गोठ्यात, समुद्रावर आहे. या दोहोंमध्ये रस्ता असेल तर मॉल हे शेतीचं गिऱ्हाईक होतं. रस्ता नसेल तर ते बंदराचं नुसतं कोठार राहतं.

आणि हा रस्ता होण्याजोगा आहे. सोमाली माणूस सकाळी 'अंजेरो' खातो. ती आपल्या आंबोळीसारखी, पीठ आंबवून केलेली. पूर्वी ज्वारी-मक्याची व्हायची, आता शहरात गव्हाच्या पिठाची. तेच ज्वारीचं पीठ निवडून, दळून, पिशवीत घालून मॉलच्या फळीवर ठेवायला काय लागतं? सांगतो. नाके उठवणारं सरकार लागतं. पेवापेक्षा मोठं आणि पाऊस-कीड न शिरणारं गोदाम लागतं. परवडणारी वीज लागते, कारण तिथली वीज जगातल्या महाग विजांत मोडते आणि दूध थंड ठेवायचं यंत्र चालवणं जिवावर येतं. दिलेला शब्द मोडला तर दाद देणारं कोर्ट लागतं. उंटिणीचं दूध बायका आजही डब्यांतून शहरात आणतात. त्याला शीतघर मिळालं, तर परदेशी पावडरीच्या डब्याशी ते झुंजू शकतं. तीळ तर आताच परदेशी जातो. डिसेंबर २०२३ मध्ये सोमालियाचं सुमारे साडेचारशे कोटी डॉलरांचं कर्ज माफ झालं. कर्जमाफीनं पाटी कोरी होते, पण पीक येत नाही. कोऱ्या पाटीवर आता रस्ता आणि गोदाम काढायचं की फक्त आणखी काच, हे त्यांनी ठरवायचं आहे.

जाता जाता तीन प्रश्न देतो. सोमालियातला असो की कुठलाही असो, नव्या मॉलची फीत कापली जाईल तेव्हा विचारा. पहिला, इथं खर्च होणारा पैसा कमावला कुठं जातो? दुसरा, फळीवरच्या मालात आसपासच्या शंभर कोसांतल्या शेताचं आणि हाताचं काय आहे? तिसरा, या दुकानांच्या करातून आणि जकातीतून पिकवणाऱ्याकडे जाणारा रस्ता किती पुढं सरकला? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर खुशाल टाळ्या वाजवा. मॉल आपला वैरी नाही. उत्तरं मिळाली नाहीत तर त्याच्या दिव्यांनी दिपून जाऊ नका. बैदोआचा ज्वारीवाला दोन्ही वेळा आपलं पेव उकरून पाहतो. त्याच्या देशाच्या सुधारणेचा हिशेब त्या पेवात आहे.